हंपीला जाताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हंपीला रेल्वे स्टेशन आहे का? स्वतःच्या गाडीने गेल्यास कोणता रस्ता सोयीचा? – एक वाचक, कोल्हापूर

हंपीला स्टेशन नाही. होसपेटला उतरायचे, तिथून हंपी १३ किलोमीटर. तुमच्याकडून सोय चांगली आहे. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदग करत थेट होसपेटला नेते. मात्र ती तिथे रात्री पोचते, तेव्हा पहिला मुक्काम होसपेटलाच ठेवा आणि हंपी सकाळी गाठा. गाडी तिरुपतीची असल्यामुळे आरक्षण लवकर संपते, सुट्ट्यांत तर फारच.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर पुणे-बंगळूर महामार्गाने हुबळी आणि तिथून गदग, कोप्पळ, होसपेट. सोलापूरकडच्या वाचकांनी हुबळीमार्गे वळसा घेण्याचे कारण नाही. विजापूर, हुनगुंद, कुष्टगी हा रस्ता त्यांना सरळ पडतो.

होसपेट बसस्थानकातून हंपीला दिवसभर बस असतात आणि त्या विरूपाक्ष मंदिराच्या बाजारापाशीच सोडतात. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास त्या राज्याच्या रहिवाशांपुरता आहे. आपल्याकडच्या आधार कार्डावर तो मिळत नाही, तिकीट काढावे लागते.

आमच्याकडे एकच दिवस आहे. बरोबर सत्तरीतले आईवडील. काय पाहावे, काय सोडावे? – एक वाचक, पुणे

हंपी म्हणजे एक देऊळ आणि भोवतीचे अवशेष, असे समजून लोक येतात आणि दुपारपर्यंत थकतात. जागतिक वारसा म्हणून नोंदलेले क्षेत्रच सुमारे ४१ चौरस किलोमीटर आहे. ही विजयनगर साम्राज्याची राजधानी होती, म्हणून तिचे भाग पाडून पाहावे लागते. एका दिवसासाठी तीन भाग पुरेत: विरूपाक्ष मंदिराचा परिसर, विठ्ठल मंदिर आणि कमलापूरच्या बाजूचे राजवाड्यांचे आवार.

सर्वाधिक फसगत होते ती विरूपाक्ष आणि विठ्ठल या दोन मंदिरांमधल्या अंतराने. नदीकाठची पायवाट जेमतेम दोन किलोमीटर आहे, पण मध्ये खडक आणि पायऱ्या आहेत. वाहनाचा रस्ता मातंग टेकडीला वळसा घालून जातो, तो नऊएक किलोमीटर भरतो. नकाशात दोन ठिपके शेजारी दिसतात म्हणून रिक्षा बाजारात उभी करून चालत गेलात, तर तितकेच परत चालावे लागते. ज्यांना चालायचे आहे त्यांनी रिक्षावाल्याला विठ्ठल मंदिराच्या वाहनतळावर बोलवावे. पायवाट सुंदर आहे, वाटेत कोदंडराम मंदिर आणि राजाची तुला लागते. तुमच्या आईवडिलांना मात्र रस्त्यानेच न्या. वाहनतळही मंदिरापासून सुमारे एक किलोमीटर अलीकडे आहे. पुढे बॅटरीवर चालणारी गाडी नेते. रविवारी तिच्यासाठी मोठी रांग लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. उजाडताच विरूपाक्ष. तिथे आजही पूजाअर्चा चालते, गाभारा दुपारी बंद असतो, त्यामुळे सकाळच बरी. मंदिराच्या मागच्या बाजूला एका लहान दालनात भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, ती विचारून पाहा. ऊन स्वच्छ हवे. तिथून विठ्ठल मंदिर, तिकीटखिडकी उघडण्याच्या सुमारास. भर दुपारी कमलापूरचे पुरातत्त्व संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असते. तिथे हंपीच्या भूभागाची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. सकाळी जे पाहिले ते कुठे होते, याचा उलगडा तिच्यापाशी होतो. ऊन उतरल्यावर कमळ महाल, गजशाळा, हजारराम मंदिर आणि महानवमी दिब्बा हा उंच दगडी चौथरा. हजाररामाच्या भिंतींवर रामायणाचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. तिथे घाई करू नका.

विठ्ठल मंदिराचे तिकीट जपून ठेवा. त्याच दिवशी ते कमळ महालाच्या आवारातही चालते, दुसऱ्या दिवशी नाही.

सूर्यास्तासाठी मातंग टेकडीचे नाव सगळे घेतात, पण तिच्या पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि अंधारात उतरणे धोक्याचे आहे. माल्यवंत टेकडीवर रघुनाथ मंदिरापर्यंत वाहन जाते, वडीलधाऱ्यांना तीच जागा योग्य.

नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवर राहावे असे पूर्वी ऐकले होते. अजून सोय आहे का? – एक वाचक, ठाणे

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली बांधकामे पाडण्यात आली. आता पलीकडे राहायचे तर आनेगुंदी किंवा सणापूर. नदीच्या अलीकडच्या बाजूला हंपी बाजारामागच्या वस्तीत साध्या खोल्या मिळतात, कमलापूरला कर्नाटक पर्यटन महामंडळाचे मयूर भुवनेश्वरी हॉटेल आहे आणि होसपेटला सर्व प्रकारची हॉटेले आहेत.

पलीकडे राहण्याआधी नदीचा विचार करा. होडी संध्याकाळी बंद होते. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून पाणी सोडले की दिवसाही बंद. मग बुक्कसागर-कडेबागिलूच्या पुलावरून वीसेक किलोमीटरचा फेरा पडतो. आनेगुंदीसमोर पूल होणार होता, पण त्यामुळे वारसास्थळाला बाधा येते म्हणून युनेस्कोने १९९९ मध्ये हंपीला धोक्यातल्या स्थळांच्या यादीत घातले. २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर आली आणि जानेवारी २००९ मध्ये तो अर्धवट पूल कोसळला. त्याचे अवशेष पाहून तिथे रस्ता असेल असे समजू नका. तुमचा ओढा विठ्ठल मंदिर आणि राजवाड्यांकडे असेल, तर अलीकडेच राहणे शहाणपणाचे. पलीकडे अंजनाद्री टेकडी आहे, ५७५ पायऱ्यांची. तिच्यासाठी वेगळा दिवस काढा.

सायकल, दुचाकी की रिक्षा? – एक वाचक, नाशिक

हिवाळ्यात, दोन दिवस हाताशी असतील तर सायकल. राजवाड्यांचे आवार तिच्यावर निवांत होते, विठ्ठल मंदिराचा चढउताराचा रस्ता मात्र दमवतो. भाड्याच्या दुचाकीत बहुधा थोडेच पेट्रोल असते, ते कमलापूर किंवा होसपेटला आधी भरून घ्या. रिक्षा ठरवताना नुसते ‘हंपी दर्शन’ म्हणू नका. ठिकाणांची नावे कागदावर लिहून दाखवा, विठ्ठल मंदिर त्यात आहे ना ते विचारा, परतीची वेळ ठरवा आणि मगच भाव करा. वाद होतात ते बहुतेक या एका गाळलेल्या नावावरून.

मे महिन्यात जावे का? – एक वाचक, लातूर

टाळा. पारा चाळिशीला भिडतो, सावली कमी आणि देवळात अनवाणी चालायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जाणे अटळ असेल तर पायात मोजे ठेवा आणि अकरा ते चार छपराखाली काढा.

विठ्ठल मंदिरात दर्शन होते का? आणि ते गाणारे खांब वाजवू देतात का? – एक वाचक, पंढरपूर

दर्शन होत नाही, गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि संत भानुदासांनी ती परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. तुमच्या गावच्या माणसाला ते रिकामे गर्भगृह पाहावेसे वाटेलच, जरूर जा.

खांब वाजवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. लाखो बोटांच्या टिचक्यांनी ते दगड झिजत होते. अंगणातला दगडी रथ, जो पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे, तोही लांबूनच पाहायचा. पुष्कळजण तो एकाच शिळेत कोरलेला समजतात. खरे तर तो अनेक शिळा जोडून उभा केला आहे. सांधे नक्षीत असे लपवले आहेत की नीट निरखल्याशिवाय सापडत नाहीत. त्यावर एकेकाळी विटांचे शिखरही होते. सकाळच्या तिरप्या उन्हात हे सांधे सर्वांत स्पष्ट दिसतात.