रानातून आणताना

प्रिय मुली,

बालवाडीचं काम हाती घेतलंस, फार बरं वाटलं. जव्हारला या दिवसांत सकाळी हुडहुडी भरते, दारं लोटून मुलांना आत बसवावं लागतं, तेव्हा त्यांच्या हाताला काय द्यायचं, असं विचारलंस. विकत काही आणू नकोस. मार्गशीर्षात रानात कितीतरी गोष्टी वाळून तयार असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपलेच तर मुलांपुढे ठेवले.

दव वाळल्यावर, दहा-अकराच्या पुढे जा. ओली शेंग पिशवीत गेली की बुरशी धरते. होईल तेवढं खाली पडलेलंच उचल. मुरुडशेंग झुडपावरच वाळते, ती चार-पाचच तोड. दोरीला पीळ द्यावा तशी असते ती; मुलं बोटांनी तो पीळ चाचपत राहतात. शिरीषाची चपटी शेंग कानाशी हलव, आतल्या बिया खुळखुळतात. रंगवूही नकोस, तशीच दे.

मात्र ओळख पटल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. पहिल्याच वर्षी सोनेरी, मखमली शेंगा दिसल्या म्हणून मी ओच्यात भरल्या. खाजकुयली होती! दिवसभर अंगाची आग होत होती. तसं झालंच तर चोळू नकोस; चिकटपट्टी लावून कुसं ओढून काढ, मग धू.

आणि गुंज कधीच नको. लाल-काळी, देखणी, माळेला सुरेख, पण जहरी. माळेसाठी सुई टोचली, मुलानं चावली, की कवच फुटतं आणि थोड्या बियाही जिवावर बेततात. एरंड, धोतरा यांच्या बियाही तशाच. त्यापेक्षा चिंचोके घे. ओल्या दगडावर एक बाजू घासली की आतला पांढरा गर दिसतो. अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा चिंचोका मातीच्या बैलाला डोळा म्हणून किती शोभतो, बघ. घासायचं काम मुलांनाच दे, त्यांना तेच जास्त आवडतं. धाकटी भावंडं सोबत येतात ना? ती बी नाकात घालतात, तेव्हा त्यांना सागाची मोठी पानंच दे.

आणलेलं सगळं तीन-चार दिवस कडक उन्हात घाल. चिंचोक्यात किडा असतो. भोक दिसलं तो दाणा आधीच बाजूला काढ.

तुझी,
ताई