जेवण झालं तरी टेबलावरून उठू नकोस

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी १६ वर्षांची, मूळ साताऱ्याची. विद्यार्थी अदलाबदल योजनेतून सप्टेंबरात जर्मनीला आले. ट्यूबिंगेनजवळच्या एका गावात होस्ट फॅमिलीकडे राहते आणि तिथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, दहावीच्या वर्गात बसते. निघण्याआधी पुण्यात जर्मनची पहिल्या पातळीची ए-वन परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पण इथे जेवणाच्या टेबलावर काय चाललंय ते कळतच नाही. वर्गातली मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, आपसात जर्मनमध्ये. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं. मग मी खोलीत जाते. रोज भारतातल्या रात्री दहाला आईचा व्हिडिओ कॉल येतो, तेवढ्याच वेळात बरं वाटतं. भाषा येणार तरी कधी? घर बदलून मागू का?

उत्तर: आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझं जर्मन कच्चं नाही. तू पुण्यात शिकलीस ती पुस्तकातली जर्मन, आणि तुझ्या तिथल्या घरात बोलतात ती श्वेबिश, त्या भागातली बोली. मी १९९४ साली, तुझ्याच वयाची असताना, त्याच भागात श्वेबिश आल्बच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका घरात वर्षभर राहिले होते, म्हणून हे खात्रीनं सांगते. तिथे ‘इस्ट’चं, म्हणजे ‘आहे’चं, ‘इश’ होतं आणि ‘निश्त’चं, म्हणजे ‘नाही’चं, ‘नेट’. पुस्तकात ‘हेबन’ म्हणजे उचलणं. तुझी होस्ट मदर शिडीवर चढून ‘हेब!’ म्हणाली तर तिला ‘धर’ म्हणायचं असतं. ‘टेपिश’ आण म्हटलं तर जमिनीवरचा गालिचा गुंडाळायला घेऊ नकोस, पांघरायचं ब्लँकेट आण. कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला मालवणातल्या लग्नघरी नेऊन बसवलं तर पहिले काही दिवस तिचीही अशीच गत होईल. तुला तर भाषाच नवी आहे. संध्याकाळचं डोकं दुखणं हे दिवसभर कान टवकारून ऐकल्याचं आहे. त्यावर उपाय म्हणजे झोप, लाज नव्हे.

आता टेबलाकडे येऊ, कारण माझ्या मते तुझं सगळं शिक्षण तिथे आहे. त्या घरांमध्ये संध्याकाळी सहा-साडेसहाला ‘आबेंडब्रोट’ मांडतात: पाव, चीज, काकडी, मुळा, कधी सूप. आपल्यासारखं गरम गरम वाढणं नाही, त्यामुळे जेवण दहा मिनिटांत उरकतं आणि आपल्याला वाटतं, झालं. खरं तर तिथून पुढे सुरू होतं. कोणाची गाडी बंद पडली, शेजारणीचा मुलगा कोणत्या परीक्षेत नापास झाला, रविवारी आजीकडे किती वाजता निघायचं, हे सगळं ताटल्या रिकाम्या झाल्यावर निघतं. तेव्हा उठू नकोस. कळत नसलं तरी बस. रोज त्याच माणसांचे तेच विषय असतात, म्हणून कान तिथे सर्वांत लवकर तयार होतो. आणि एकच प्रश्न रोज विचार, समज होस्ट वडलांना ‘आज कामावर काय झालं?’ एवढाच. उत्तरं रोज थोडी वेगळी येतील, पण शब्द बरेचसे तेच असतील.

तुझ्या आईनंही हे वाचावं, म्हणून लिहिते. भारतातले रात्रीचे दहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की साडेपाच. म्हणजे ऐन टेबल मांडायच्या आणि जेवायच्या वेळी लेक खोलीत फोनवर असते. वहिनी, माझ्या वेळी परदेशी फोन इतका महाग होता की घरून क्वचितच यायचा. तो त्रास पुन्हा कोणाला व्हावा असं मी म्हणत नाही. पण रोजचा कॉल आठवड्यावर आणा. रविवार उत्तम. तिकडे रविवारी दुकानं बंद, शाळा नाही, सगळं शांत. तिच्या दुपारच्या दोन वाजता आपल्याकडे हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. निवांत तासभर बोला, रडायचं असेल तर दोघी रडा. बाकीचे दिवस तिला त्या घरात राहू द्या. आत्ता तिचा जीव दोन्हीकडे टांगलेला आहे.

आता कामं. पाहुण्यासारखी राहिलीस तर पाहुण्याची भाषा येईल, ‘धन्यवाद’ आणि ‘खूप छान’. घरातली दोन-तीन कामं स्वतःकडे मागून घे. शनिवारी सकाळी बेकरीतून पाव आणायचं काम सर्वांत चांगलं. रांग असते, मागची माणसं थांबलेली असतात आणि काउंटरवरची बाई भराभर विचारते, ‘झोन्स्ट नोख वास?’, आणखी काही हवंय का. तिथे इंग्रजीला वेळच नसतो. छोट्या पावाला तिकडे ‘वेकले’ म्हणतात, तेच म्हण, बाई लगेच खुलेल. रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून पैसे परत घेण्याचं कामही घे: एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुतेक ८. चिठ्ठी घेऊन काउंटरवर जायचं, बोलायचं. कचऱ्याचे पिवळे, निळे, तपकिरी डबे नीट समजून घे. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकतात आणि रविवारी मुळीच नाही, आवाज होतो म्हणून. आणि तुमच्या इमारतीत ‘केअरवोखं’ची पाटी दारावर फिरत असेल, म्हणजे आठवड्यानं आठवड्यानं जिना झाडायची पाळी, तर ती पाळी आली की झाडू तू घे. श्वाबेनमध्ये, म्हणजे श्वेबिश बोलणाऱ्या त्या भागात, या पाळीला फार मान आहे. खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात थांबून बोलेल. ती इंग्रजी बोलणार नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

शाळेबद्दल थोडक्यात. तिथे वर्गात तोंड उघडण्याला गुण असतात. ग्रेड १ ते ६, त्यात १ सर्वांत चांगली. गप्प बसणाऱ्या मुलीला विषय येत नाही असा शिक्षकांचा समज होतो. तू सुरुवात गणितापासून कर. तिथलं गणित तुला बहुतेक येत असणार, म्हणजे अर्थाची काळजी नाही, लक्ष फक्त शब्दांवर. फळ्यावर जाऊन एक उदाहरण जर्मनमध्ये समजावून सांग. इंग्रजीच्या तासाचा मात्र आडोसा घेऊ नकोस, तिथे तुझा मान आयता मिळतो आणि तू तेवढ्यावर समाधान मानशील. शिवाय गावात एखादा फेराइन गाठ, म्हणजे मंडळ: व्यायामशाळा, बँड, तरुणांचं अग्निशमन पथक, गायनवृंद. गायनवृंद मला सर्वांत आवडतो, कारण तीसजणांत तुझा उच्चार कोणी वेगळा काढत नाही आणि एकच ओळ पुन:पुन्हा म्हणून जीभ वळते.

मुलांना इंग्रजी बंद करायला सांगणं अवघड वाटतं, पण ती तुला मदत म्हणूनच इंग्रजी बोलतात. हे वाक्य पाठ कर आणि एकेकाला वेगळं गाठून म्हण: ‘बिटं श्प्रिश डॉइच मिट मिअर, आउख वेन एस लेंगर डाउअर्ट.’ माझ्याशी जर्मन बोल, वेळ लागला तरी चालेल. सगळे ऐकणार नाहीत. एक मैत्रीण ऐकेल, ती पुरे.

आणि आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते. आपली मुलं इंग्रजीच्या वाटेनं जर्मनकडे जातात आणि नको तिथे अडखळतात. तू मराठीतून जा. इंग्रजीला तीन लिंगं नाहीत, आपल्याला आहेत. मुलीला ‘दास मेडशेन’, म्हणजे नपुंसकलिंग का, असा इंग्रजीवाल्यांना प्रश्न पडतो. ‘ते पोर’ म्हणणाऱ्या आपल्याला तो पडायचं कारण नाही. लिंग मात्र मराठीवरून ठरवू नकोस, ते शब्दाबरोबरच पाठ कर. आकडे बघ: ‘आइनउंडत्स्वांत्सिश’ म्हणजे आधी एक, मग वीस, आपल्या एकवीससारखंच. जर्मनमधलं शेवटचं अक्षर, झेड, म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च. तो इंग्रजी बोलणाऱ्यांना खास शिकावा लागतो, तुझ्या तोंडात तो जन्मापासून आहे. ‘मिअर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. ‘दास गेफेल्ट मिअर’, मला ते आवडतं. इंग्रजीत ‘मी’ पुढे येतो, आपल्या आणि त्यांच्या बोलण्यात ‘मला’. मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या गौण वाक्यात त्यांचं क्रियापद शेवटी जातं आणि पुण्यातल्या वर्गात सगळे कुरकुरतात. अगं, आपलं तर नेहमीच शेवटी असतं! वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची सवय तुला आहेच, तीच वापर.

वेळेच्या बाबतीत तेवढी जपून. ‘हाल्ब फिअर’मध्ये चारचा आकडा आहे, पण ते साडेतीन. तुझ्या भागात ‘फिअर्टल फिअर’ म्हणजे सव्वातीन आणि ‘द्रायफिअर्टल फिअर’ म्हणजे पावणेचार. पावणे म्हणणाऱ्या मुलीला हे दोन दिवसांत बसेल. तोवर बसची वेळ मात्र लिहून घे.

घर बदलण्याबद्दल. घरात कोणी तुझी टिंगल करत असेल, पोटभर खायला मिळत नसेल, किंवा कोणाचं बोलणं-वागणं, स्पर्श तुला नकोसा वाटत असेल, तर थांबू नकोस, पुराव्याची वाट पाहू नकोस. योजनेनं तुला एक संपर्क व्यक्ती नेमून दिलेली असते. तिला त्याच दिवशी फोन कर आणि आईलाही सांग, तेव्हा रविवारची वाट पाहायची नाही. पण घर भलं असेल आणि फक्त बोलणं जमत नसेल, तर दुसऱ्या घरातही टेबलावर हेच होईल. तुझ्या पत्रात मला पहिल्या प्रकारचं काही दिसलं नाही. एकदा होस्ट मदरला सांग, ‘मला तुमचं सगळं कळत नाही, पण मला बसायचंय.’ तिला नावानं हाक मार, ‘डू’ म्हण, म्हणजे ‘तू’. मोठ्या बाईला नावानं हाक मारताना जीभ अडते, हे मला माहीत आहे. त्या घरात तो आपलेपणा आहे.

प्रश्न: आमच्याकडे सांगलीला अदलाबदल योजनेतून ब्रेमेनची १७ वर्षांची मुलगी राहते. गोड आहे, मराठी शिकायची तिला फार इच्छा आहे. पण आम्ही सगळे तिच्याशी इंग्रजीतच बोलतो, आणि माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून त्या तिच्यापासून लांबच राहतात. काय करावं?

उत्तर: तुमच्या घरातल्या सर्वांत चांगल्या शिक्षिकेला तुम्ही लांब बसवलं आहे! मुलगी सासूबाईंच्या हवाली करा. शेंगा सोलायला, भाजी निवडायला, संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायला. मंडईत पाठवा. पाव किलो, दीड, अडीच हे तिथेच पाठ होतात, वहीत होत नाहीत.

तिला ‘ट’ आणि ‘त’ सारखेच ऐकू येतील, ‘ळ’ आणि ‘ण’ छळतील, त्याला महिने लागतात. ‘पाणी’चं ‘फाणी’ आणि ‘काय’चं ‘खाय’ होईल, कारण जर्मन बोलताना सुरुवातीच्या प-क बरोबर थोडी हवा बाहेर पडते. तळहात ओठांसमोर धरायला सांगा आणि हवा लागू न देता ‘पाणी’ म्हणायला लावा, पटकन कळतं. घरात मुलगा असेल तर लक्ष ठेवा. त्याचं ऐकून ती ‘मी जातो’ म्हणेल. लगेच हसू नका, सासूबाईंनी ‘मी जाते’ म्हणावं, पुढे चालावं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तिला अवघड नाही, तिच्या भाषेत तो भेद आहे.

आणि कृपा करून पाहुणे आले की ‘बोल बघू मराठीत काहीतरी’ म्हणून तिला पुढे उभी करू नका. पुष्कळ चांगली घरं प्रेमानंच हे करतात आणि मूल कायमचं गप्प होतं. तिनं खोलीचं दार लावलं तर ती रुसलेली नाही, तिच्या घरी दारं लावलेलीच असतात. अर्ध्या तासानं सासूबाईंनी चहाला हाक मारावी. मराठीत.

प्रश्न: माझा १५ वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी दक्षिण जर्मनीत जायचं म्हणतोय. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जमेल का? आणि त्याचं वर्ष वाया जाणार का? (नागपूर)

उत्तर: जमेल, पण अर्जात ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. मांस, मासे, अंडं, जिलेटिन (ते प्राण्यांपासून बनतं) असं एकेक नाव घालून लिहा. त्या भागातल्या माउलटाशेनमध्ये, म्हणजे मोठ्या करंज्यांसारख्या दिसणाऱ्या पदार्थात, बहुतेक वेळा मांस भरलेलं असतं. श्पेत्स्लेच्या, म्हणजे तिकडच्या जाड शेवयांच्या, पिठात अंडं असतं. मसुराची आमटी दिसली की आपली मुलं खूश होतात, पण तीत बेकन असू शकतं आणि वर सॉसेज ठेवतात. रबरासारख्या चघळायच्या गमीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन. पाव, चीज, बटाटे, सॅलड, दही मुबलक मिळतं. अंडं अजिबात नको असेल तर होस्ट फॅमिली मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लवकर करा.

वर्षाचं म्हणाल तर परत आल्यावर त्याला कोणत्या इयत्तेत घेणार, हे मुख्याध्यापकांकडून निघण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका. काही मुलं एक वर्ष मागून सुरू करतात. त्याला ते चालणार आहे का, हे त्याच्याशीच बोला, आणि आतापासून त्याला स्वतःचं ताट घासायला आणि कपडे धुवायला लावा.