मॉडच्या टेबलात खरं-खोटं कसं लिहायचं: ट्रू-फॉल्स की १-०?

तुम्ही विचारलंय की, मॉडच्या (म्हणजे गेममध्ये खेळाडूने स्वतः केलेल्या बदलाच्या) टेबलात 'विकता येते का' या रकान्यात फॉल्स लिहूनही गेममध्ये ती वस्तू विकली जाते, मग त्याऐवजी ० लिहावं का. नुसतं ० लिहून भागणार नाही.

सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, फक्त अक्षरं असतात. त्यांचा अर्थ फाइल वाचणारा कोड लावतो, आणि तुमचा कोड लुआ या प्रोग्रामिंग भाषेत आहे. लुआत निल (काहीच मूल्य नाही) आणि फॉल्स ही दोनच मूल्यं खोटी, बाकी सगळं खरं. फाइलमधून आलेला 'फॉल्स' हा शब्द म्हणजे साधी स्ट्रिंग (अक्षरांची माळ), म्हणून खरा. रिकामी स्ट्रिंग खरी आणि शून्यसुद्धा खरा! म्हणून वाचतानाच टूनंबर (स्ट्रिंगचा आकडा करणारं लुआचं फंक्शन) लावा आणि उत्तर १ आलं तरच खरं धरा. ० किंवा १ सोडून काहीही आलं, रिकामा रकानासुद्धा, तर ओळीचा क्रमांक दाखवून थांबा. रिकाम्याला गुपचूप खोटं मानलं की भरायचं राहिलं कुठे आणि मुद्दाम नाही म्हटलंय कुठे, ते पुढे कळत नाही.

गेमच्याच टेबलात भर घालत असाल तर तिथली पद्धत पाळा. डायब्लो २ च्या टॅबने विभागलेल्या टेबलांत ०-१ असतं. सिव्हिलायझेशन ६ चा डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये असतो आणि तिथे खऱ्या-खोट्यासाठी वेगळा साठवण-प्रकारच नाही, आकडाच साठतो. स्वतःच्या फाइलमध्ये मी ०-१ च वापरते. लहान लिपीतलं ट्रू एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलं की कॅपिटल होतं आणि अक्षरशः तुलना करणारा कोड तिथेच फसतो. साध्या ० आणि १ ला एक्सेल हात लावत नाही.

पण हे आकडे इंग्रजीच हवेत, हे मराठीत काम करणाऱ्यांना कळकळीने सांगते. ऐरोलीला भाच्याकडे बसून मी त्याच्या मॉडमधल्या वस्तूंची नावं मराठीत भरत होते. कीबोर्ड मराठीच राहिला आणि शेजारच्या रकान्यात देवनागरी १ पडत गेला. फाइल वाचणारा प्रोग्राम सी भाषेतला, मजकुराचा आकडा करायला एटूआय हे फंक्शन वापरणारा. त्या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाही, आणि अंक सापडला नाही की ते शून्य देतं. दुकानातल्या सगळ्या तलवारी गायब! तपासायला मी पायथनची स्क्रिप्ट लिहिली, तर तिला सगळं बरोबर दिसलं, कारण पायथनचं तेच काम करणारं इंट देवनागरी अंक खुशाल स्वीकारतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. ठाण्याला परतताना लोकलमध्ये फाइलचे बाइट बघितले, तेव्हा एका अंकाला तीन बाइट लागलेले दिसले. इंग्रजी १ ला एकच लागतो.

तुमच्या रकान्याचं नाव सरळ आहे, ते तसंच ठेवा. 'विक्री बंद नाही' असला रकाना कधी करू नका, त्यात ० म्हणजे काय हे दर वेळी थांबून आठवावं लागतं. टूनंबर लावूनही वस्तू विकली जात असेल, तर फाइल वाचणारा कोड इथे टाका, मी बघते.