मणक्याच्या फ्रॅक्चरवर स्क्रू-रॉड बसवल्यानंतर काही वर्षांनी कंबर पुन्हा का दुखू लागते?

अनेकदा हे दुखणे जोडलेल्या मणक्यांचे नसून त्यांच्या लगतच्या सांध्यांचे असते, कारण रॉडने स्थिर केलेल्या भागाची हालचाल थांबली की वाकण्या-वळण्याचा ताण वरच्या-खालच्या चकत्यांवर (दोन मणक्यांमधील मऊ गाद्यांवर) आणि मागच्या लहान सांध्यांवर पडतो व त्यांची झीज लवकर होऊ शकते. स्क्रू सैल होणे, हाड नीट न जुळणे किंवा पाठीला बाक राहणे हीही कारणे असतात, म्हणून उभे राहून काढलेला एक्स-रे आधी पाहावा. मात्र एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच असे नाही. वेदना नसलेल्यांतही ती सर्रास आढळते. पायांत कमजोरी, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा ताप असल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवावे.