एकाच मावळ्याचं दोनदा बुकिंग

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं नाटकांचे आणि स्नेहसंमेलनांचे पोशाख भाड्याने देण्याचं दुकान आहे. सगळ्या नोंदी एका एक्सेलमध्ये आहेत. ‘मावळा, मध्यम, ८ नग’ अशी एकेक ओळ. डिसेंबरात एकच पोशाख दोन शाळांना लिहून दिला जातो आणि ऐनवेळी धावपळ होते. भाचा म्हणतो, आता ब्राउझरमध्येच डेटाबेस आणि त्यावरचं अ‍ॅप बनवता येतं. आम्हाला जमेल का? कोणतं टूल घ्यावं?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, नक्की जमेल. पण ‘मावळा, मध्यम, ८ नग’ ही ओळ आधी मोडा, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. तिच्यात पोशाखाचा प्रकार आणि प्रत्यक्ष कपडा एकत्र झालेत. बटण तुटतं, धुवायला जातं, परत यायचं राहतं ते एका ठरावीक नगाचं. म्हणून आठही नगांना वेगळा नंबर द्या आणि तो अस्तराला शिवलेल्या पट्टीवर लिहा.

आता तक्ते : प्रकार, नग, ग्राहक, बुकिंग आणि पाचवा ‘बुकिंगमधले नग’. हा पाचवा हमखास विसरला जातो. एका बुकिंगमध्ये अनेक नग जातात आणि एकच नग वर्षभरात अनेक बुकिंगांत जातो, तेव्हा मधला तक्ता लागतोच. नाहीतर ‘नग १, नग २, नग ३’ असे रकाने वाढवत बसावं लागतं.

हा आराखडा डीबीडायग्राम या ब्राउझरमधल्या टूलवर काढा. डावीकडे तक्ते आणि रकाने टाइप केले की उजवीकडे चित्र उमटतं, नात्यांच्या रेषांसकट. तक्त्यांची नाती अशी चित्रात मांडायची पद्धत पीटर चेन यांच्या १९७६च्या लेखापासून रुजली आणि आजही तिच्याइतकं उपयोगी मला काही वाटत नाही. मात्र इथे फक्त आराखडा होतो, अ‍ॅप नाही.

अ‍ॅपसाठी तुम्हाला मी गूगलचं अ‍ॅपशीट सुचवेन, कारण ते गूगल शीटवरच चालतं आणि तुमच्या एक्सेलमधल्या नोंदी तिथे सहज नेता येतात. झोहो क्रिएटरही चांगलं आहे. ओरॅकलचं एपेक्स जास्त ताकदीचं, पण त्यात एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येणारं कुणीतरी हाताशी हवं.

अ‍ॅपशीटमध्ये नगाच्या रकान्याला ‘व्हॅलिड इफ’ची, म्हणजे नोंद चालेल का हे ठरवणारी, अट घाला : त्याच नगाचं जुनं बुकिंग संपण्याआधी नवं सुरू होत असेल आणि जुनं सुरू झाल्यानंतर नवं संपत असेल, तर नोंद घ्यायची नाही. एकाची शेवटची आणि दुसऱ्याची पहिली तारीख एकच असली तरी नाही. धुलाईचे दिवस परतीच्या तारखेतच धरा. ही अट फोनवर तपासली जाते, त्यामुळे दोन फोनवरून एकाच वेळी नोंद झाली आणि ती शीटमध्ये पोचायची (सिंक व्हायची) राहिली, तर तोच नग दोघांना जाऊ शकतो. बुकिंग दुकानातल्या एकाच फोनवरून घ्या.

सुरुवात जूनमध्ये करा, फक्त मावळे आणि नऊवारी घेऊन. गर्दी नसताना चुका सापडतील, आणि दिवाळीपर्यंत बाकीचे पोशाख चढवता येतील.