नोस्फेरातू म्हणजे ‘न मेलेला’ नव्हे

प्रश्न असा आहे: 1922च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाच्या पाट्यांना मराठी सबटायटल्स करायची आहेत. नोस्फेरातू म्हणजे ‘न मेलेला’, तर त्याला ‘अमर’ म्हटलेलं चालेल का? आणि व्हॅम्पायरला वेताळ म्हणावं की पिशाच्च?

‘अमर’ अजिबात नको. ‘न मेलेला’ हा अर्थ इतक्या ठिकाणी छापलाय की आता तो खोडायचा कसा हेच कळत नाही. हा शब्द रुमानियन म्हणून सांगतात, पण रुमानियन भाषेत ‘मेलेला’ म्हणजे ‘मोर्त’ आणि नकाराचा उपसर्ग ‘ने’. नोस्फेरातूमध्ये यातला ‘मोर्त’ कुठे दिसतो? ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत हा शब्द आणि ‘अनडेड’ शेजारी आले, आणि पुढच्या टीपाकारांनी शेजाऱ्यालाच अर्थ ठरवून टाकलं. स्टोकरने शब्द घेतला एमिली जेरार्ड या बाईंच्या 1885च्या लेखातून. ट्रान्सिल्व्हानिया या आताच्या रुमानियातल्या प्रदेशातल्या लोकसमजुतींबद्दलचा तो लेख. त्याच्याही आधी, 1865 साली, विल्हेल्म श्मिटने जर्मनमध्ये हा शब्द छापला होता. अडचण अशी की या मंडळींच्या लिखाणाबाहेर, प्रत्यक्ष रुमानियन बोलीत, हा शब्द याच रूपात सापडत नाही. तिथली भुतं म्हणजे ‘स्त्रिगोय’ आणि ‘मोरोय’. म्हणजे कुणीतरी कानाने ऐकून चुकीचं टिपलंय.

मग मूळ काय? ‘नोसोफोरोस’, म्हणजे रोग वाहून आणणारा, हे ग्रीक मूळ पुष्कळांना आवडतं, कारण सिनेमात ऑरलॉकबरोबर, म्हणजे त्यातल्या व्हॅम्पायरबरोबर, उंदीर आणि प्लेग येतो. पण उंदीर 1922चे, शब्द 1865चा. शिवाय ग्रीकातून हा शब्द रुमानियन खेड्यात कधी आणि कसा पोचला, याचा एकही पुरावा कुणी देत नाही. अर्थ जुळला की व्युत्पत्ती झाली, असं मानणाऱ्यांपुढे काय बोलणार!

उरतात दोन खरे उमेदवार. पहिला ‘नेसुफेरित’, म्हणजे सहन न होणारा. रुमानियनमध्ये निश्चयवाचक प्रत्यय ‘उल’ शब्दाच्या शेपटाला लागतो आणि बोलताना त्यातला ल गळतो: नेसुफेरितुल, नेसुफेरितु. न-स-फ-र-त, सगळी व्यंजनं हजर. दुसरा ‘नेकुरात’: ‘कुरात’ म्हणजे स्वच्छ, ‘नेकुरातुल’ म्हणजे ‘तो अस्वच्छ’. सैतानाचं नाव न घेता त्याला म्हणायचा हा शब्द. यात मधला ‘फ’ नाही, पण ‘-रातु’ हे शेपूट जसंच्या तसं आहे. माझा तर्क असा की ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही मिसळले. अभ्यासक एकच निवडा म्हणतात, का निवडावा?

आणि खरी गंमत इथे आहे. आपला ‘खवीस’ आठवा. अरबी ‘खबीस’, म्हणजे नापाक, घाणेरडा. म्हणजे कार्पेथियन डोंगरातला शेतकरी आणि कोकणातला माणूस, दोघांनीही भुताला नाव दिलं ते अस्वच्छतेवरून! आपल्याकडे ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, नाव टाळायची तीच ही जात. सिनेमाच्या सुरुवातीचीच एक पाटी बजावते की हा शब्द उच्चारू नकोस. श्मिट-जेरार्डांना कळलं नाही ते पाटी लिहिणाऱ्याला नकळत कळलं. (सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं नाव ‘प्राण-फिल्म’, चक्क आपला प्राण, तिचा निर्माता अल्बिन ग्राऊ गूढविद्येच्या नादातला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, 1925मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम झाला, आणि प्राणचा हा एकुलता एक सिनेमा ठरला.)

आता वेताळ. कृपा करून नको. कोकण-गोव्यात वेताळ हा ग्रामदेव आहे, राखणदार आहे. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. त्याला व्हॅम्पायर केलं रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने, 1870च्या ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’मध्ये. पंचवीस गोष्टींच्या अकरा करणाऱ्या माणसाचं शब्दाच्या बाबतीत किती ऐकायचं? आपल्या प्रेतात शिरणाऱ्या वेताळाला प्रेत हे भाड्याचं घर. व्हॅम्पायर मात्र स्वतःच्याच प्रेतात राहतो. पुरणाऱ्यांचं भूत ते. जाळणाऱ्यांकडे त्याला तयार शब्द नसणारच. मुंजा, हडळ, समंध यांना तर देहच नाही.

पिशाच्चाचं मूळ ‘पिशित’ म्हणजे मांस असं सांगतात, म्हणजे खाद्यही वेगळं. तरी पाटीवर एकदा ‘रक्तपिशाच्च’ लिहा आणि पुढे सगळीकडे ‘व्हॅम्पायर’ ठेवा. ‘रक्तपिपासू’ टाळा, ते विशेषण आहे, आणि वर्तमानपत्रांनी ते सावकारांवर आणि हुकूमशहांवर खर्चून टाकलंय. खवीसही टाळा, माझा कितीही लाडका असला तरी: कोशांत तो मुसलमानाचं भूत म्हणून नोंदलाय, आणि ऑरलॉकच्या डोक्यावर उगाच भलताच धर्म बसेल.

नोस्फेरातू हे नाव तसंच ठेवा, अर्थ लावू नका. ‘ट’ नको, ‘त’ हवा. विभक्ती लावताना ‘नोस्फेरातूला’, ‘नोस्फेरातूने’. ‘नोस्फेरात्वाने’ असलं संस्कृत रूप कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. लिंग पुल्लिंगी, पण रक्तपिशाच्च नपुंसक. एकाच पाटीत दोन्ही आले की ‘तो आला’ आणि ‘ते आलं’ यांची टक्कर होते, म्हणून त्या दोन शब्दांना एका वाक्यात आणू नका.