जखमीला हॉस्पिटलात नेलं तर पोलीस मागे लागतात का?

प्रश्न : गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला कांदिवलीत हायवेच्या सर्व्हिस रोडवर एका मुलाची बाईक स्लिप झाली, डोक्यातून रक्त येत होतं, पंधरा-वीस जण नुसते उभे, अर्धे मोबाईल काढून. मी रिक्षा थांबवायला निघाले तर मिस्टरांनी हात धरला, म्हणाले पोलीस केस होईल, कोर्टाच्या चकरा मारत बसशील. शेवटी एका भाजीवाल्याने त्याला रिक्षात घातलं. तेव्हापासून मन खातंय. मी खरंच अडकले असते का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : नाही ताई, नसता अडकलात. पण मिस्टरांवर रागावू नका, ती भीती उगाच आलेली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका आजोबांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं, तर काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं आणि मग चौकीत दोन तास एकच प्रश्न, तुम्हीच कसे काय आणलंत? माझ्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं तरी मी तिथेच बसलेलो.

हे थांबावं म्हणूनच ३० मार्च २०१६ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम सगळ्या देशाला लागू केले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलं. म्हणजे चांगल्या मनाने मदत करताना काही चुकलं, अगदी जखमी दगावला तरी तुमच्यावर केस होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची सक्ती ना पोलीस करू शकत ना हॉस्पिटल. साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि झालात तरी जबाब घ्यायला पोलिसांनी साध्या कपड्यात तुमच्या सोयीच्या जागी यायचं. हे हक्क हॉस्पिटलच्या दारात मराठीतही लावायचे असा नियम आहे. पण लोकांपर्यंत हे पोचलेलंच नाही, आणि त्यापायी माणसं रस्त्यावर पडून राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

पुन्हा असं काही दिसलं तर आधी १०८ला फोन लावा, मान वाकडी होऊ देऊ नका, हेल्मेट ओढून काढू नका. स्वतः न्यायची वेळ आलीच तर मिस्टरांनाही सोबत घ्या आणि काउंटरवर सरळ सांगा, ‘मी नातेवाईक नाही, रस्त्यावरून आणलंय, आधी याला आत घ्या.’